प्रतोद, पक्षादेश, बंड, उठाव: पक्षाविरुद्ध जाण्याचे शब्द

‘प्रतोद’ आणि ‘पक्षादेश’ हे दोन्ही शब्द बातम्यांत ‘व्हिप’साठी येतात, तर ते समानार्थी मानायचे का, असा प्रश्न आला आहे. मानू नयेत. प्रतोद हा सभागृहात पक्षाच्या सदस्यांना शिस्तीत ठेवायला नेमलेला माणूस, आणि त्याने आमदार-खासदारांना बजावलेला हुकूम म्हणजे पक्षादेश. इंग्रजीत दोघांना एकच शब्द असल्यामुळे ‘व्हिपने व्हिप काढला’ अशी वाक्यं वाहिन्यांवर ऐकू येतात. मराठीत दोन शब्द तयार आहेत. ते वेगळे ठेवले तर बातमी पहिल्या वाचनात कळते.

‘प्रतोद’ म्हणजे चाबूक असं बहुतेक जण सांगतात. ते चूक नाही, पण पुरेसंही नाही. धातू ‘तुद्’, म्हणजे टोचणं, ढोसणं. बैलाला चालवायला टोकाशी अणकुची खिळा बसवलेली जी काठी असते, जिला आपण पराणी म्हणतो, ती प्रतोदाच्या मूळ अर्थाला चाबकापेक्षा जवळची आहे. महाभारतात भीष्मावर धावून जाताना रथातून उडी टाकलेल्या कृष्णाच्या हातात प्रतोद आहे. सारथ्याचं ते साधन. इंग्रजी शब्द मात्र शिकारीतून आला. कोल्ह्यामागे सोडलेली कुत्री इकडेतिकडे भरकटली की त्यांना पुन्हा कळपात आणणारा जो माणूस, त्याच्यावरून तो संसदेत गेला. दोन्ही प्रतिमांत एक फरक आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. शिकारीत कळप एकत्र ठेवण्यावर भर आहे, रथात दिशा देण्यावर. आपल्या विधिमंडळात प्रतोद जे काम करतो, ते बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचं असतं.

ब्रिटनमधल्या बातम्यांचा मराठी अनुवाद करणाऱ्यांनी इथे जपावं. तिथे एखाद्या खासदाराचा ‘व्हिप काढून घेतला’ असं म्हणतात, तेव्हा त्याला संसदीय पक्षातून बाहेर काढलेलं असतं. खासदारकी मात्र शाबूत राहते. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या प्रश्नावर बोरिस जॉन्सन सरकारविरुद्ध मतदान केल्याबद्दल हुजूर पक्षाने २१ खासदारांवर ही कारवाई केली. त्यांत केनेथ क्लार्क यांच्यासारखे माजी अर्थमंत्री होते आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. हे सगळे दुसऱ्या दिवशीही खासदारच होते. याचं भाषांतर ‘पक्षादेश मागे घेतला’ असं केलं तर अर्थ पार उलटा होतो, जणू पक्षाने माघार घेतली. ‘संसदीय पक्षातून काढलं’ असंच लिहावं.

आपल्याकडे पक्षादेश मोडण्याची किंमत वेगळी आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं. पक्षाच्या निर्देशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्वच जातं. या परिशिष्टात ‘व्हिप’ हा शब्द कुठेही नाही. तिथे आहे तो पक्षाने, किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने दिलेला ‘निर्देश’. म्हणजे ‘पक्षादेश’ हा मराठी शब्द कायद्याच्या भाषेला इंग्रजी शब्दापेक्षा जवळचा आहे. ज्यांना तो बोजड वाटतो त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

किहोतो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. पण निर्देश कशाबद्दल असावा यालाही मर्यादा सांगितली. सरकारवरचा विश्वास-अविश्वास, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली ते मूळ धोरण, एवढ्यापुरतंच सदस्यत्व पणाला लागावं. व्यवहारात साध्या विधेयकालाही पक्षादेश निघतो, आणि निघाला की आमदार हात वर करतो.

‘पक्ष सोडला’ हे क्रियापदही वाटतं तितकं सोपं नाही. परिशिष्टात ‘स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडणं’ हे अपात्रतेचं पहिलं कारण. पुष्कळांना वाटतं, राजीनामा दिला तरच सोडलं. गोव्याच्या रवी नाईक यांच्या खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोडणं आणि राजीनामा या एकाच अर्थाच्या गोष्टी नाहीत. माणसाच्या वागण्यावरूनही त्याने पक्ष सोडला हे ठरवता येतं. ‘मी अजून पक्षातच आहे’ असं माइकसमोर सांगत विरोधकांच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्याबद्दल बातमी लिहिताना ही गोष्ट लक्षात असलेली बरी.

आता २०२२ कडे येऊ, कारण प्रतोद हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचला तो तेव्हा. २१ जूनला एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार सुरतेत आणि मग गुवाहाटीत गेले. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षाची निवड आणि ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव होता. एकाच शिवसेनेचे दोन प्रतोद, ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले, आणि दोघांचे परस्परविरोधी पक्षादेश. कोणाचा मोडला तर गुन्हा? हा पेच आधी ‘पक्ष’ शब्दाचा आहे. विधिमंडळ पक्ष म्हणजे निवडून आलेले सदस्य. राजकीय पक्ष म्हणजे ज्याने त्यांना उमेदवारी दिली तो. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, आणि गोगावले यांना तेव्हा दिलेली मान्यता बेकायदा होती. पुढे १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी फूट पडली त्या दिवशी शिंदे गटच खरी शिवसेना होती असं ठरवून गोगावले यांची नेमणूक वैध मानली, आणि कोणालाच अपात्र केलं नाही. या निकालांबद्दल माझं मत काहीही असो, शब्दचर्चेपुरतं एवढं पक्कं आहे: बातमीत नुसतं ‘पक्षाने व्हिप काढला’ लिहिणं पुरत नाही, कोणता पक्ष ते लिहायला हवं.

त्याच दिवसांत आणखी एक झुंज झाली, ती नावाची. विरोधक म्हणाले ‘गद्दार’. शिंदे गटातून उत्तर आलं की आम्ही बंड केलं नाही, उठाव केला. हा फरक नवा नाही. १८५७ चं वर्णन ‘शिपायांचं बंड’ असं करणारी पुस्तकं होती आणि ‘उठाव’ म्हणणारीही. ‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द आणखी पुढे गेला. बंडात हुकूम मोडणारा दिसतो, त्यामुळे हुकूम देणाऱ्याची सत्ता आपोआप रास्त ठरते. उठावात दबलेला माणूस दिसतो. ‘गद्दार’ हा अरबीतून आलेला शब्द आणि ‘फितूर’ हा आपल्या जुन्या कागदपत्रांतला शब्द, हे दोन्ही तर सरळ शत्रूशी हातमिळवणी धरून चालतात. साक्षीदार उलटला तर आजही ‘फितूर झाला’ म्हणतात. १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून शरद पवार पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून ‘पाठीत खंजीर’ हा आपल्या राजकारणाचा कायमचा वाक्प्रचार होऊन बसला. त्यानंतर कोणी पक्षात वेगळी वाट धरली की खंजीर निघतोच.

‘बंडखोर’ शब्दाकडे थोडं थांबून बघावं. ‘-खोर’ हा फारसी प्रत्यय, मुळात खाणारा. लाचखोर, नफाखोर, भांडखोर, चहाडखोर. या पंगतीत बसलेला शब्द चांगला कसा असेल? आणि तरी मराठीने तो उचलून धरला आहे. ‘बंडखोर कवी’, ‘बंडखोर विचारवंत’ हा आपल्याकडे गौरव आहे. साहित्यात जो मान मिळतो तो पक्षात गेल्यावर जातो.

निवडणुकीच्या काळात ‘बंडखोर’चा अर्थ आणखी अरुंद होतो: तिकीट कापलं गेलं म्हणून पक्षाच्या अधिकृत उमेदवारासमोर अपक्ष अर्ज भरणारा. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी त्यांची मनधरणी होते आणि संध्याकाळी मथळे येतात, ‘बंडोबा झाले थंडोबा’. जे थंड होत नाहीत त्यांची हकालपट्टी, नाही तर ‘मैत्रीपूर्ण लढत’. तरी याच अर्थाचा एक प्रसंग असा आहे की जिथे शब्द अपुरा पडतो. २०२४ च्या लोकसभेला सांगलीची जागा महाविकास आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि नंतर काँग्रेसलाच पाठिंबा दिला. त्यांनी पक्ष सोडला असं म्हणणं जड जातं, शिस्त मोडली हे तर उघड आहे. इथे ‘बंडखोर’ चपखल बसतो, कारण त्यात घर न सोडता घरातल्या निर्णयाविरुद्ध जाणं आहे. याच एका अर्थासाठी तो राखून ठेवावा, दुसऱ्या पक्षात जाऊन मंत्री होणाऱ्याला ‘पक्षांतर करणारा’ म्हणावं, असं माझं म्हणणं आहे. दोघांना एकच नाव दिल्याने पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसरा सुटतो.

‘फूट’ शब्दाचंही असंच झालं आहे. १९८५ च्या कायद्यात विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती मान्य फूट होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ही तरतूद गेली. आता कायद्याला फूट माहीत नाही, माहीत आहे ते ‘विलीनीकरण’, दोन तृतीयांशांच्या संमतीचं. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये विलीन होत असल्याचं कळवलं, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी. २०२२ ची विधानसभा निवडणूक लढवण्याआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीतल्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या. ज्या गोव्यात महाराष्ट्रात ‘विलीनीकरण’ व्हावं की नाही, या शब्दावर १६ जानेवारी १९६७ ला साऱ्या जनतेने कौल दिला, घराघरांत वाद झाले, तिथेच तो शब्द आता आठ-दहा जणांच्या सह्यांपुरता उरला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

या सगळ्या शब्दांत एक जागा रिकामी आहे आणि या चर्चेत मला तेच मुख्यतः मांडायचं आहे. पक्षाचा निर्णय चुकला असं प्रामाणिकपणे वाटणाऱ्या आणि ते उघड बोलणाऱ्या, पण पक्ष न सोडणाऱ्या सदस्याला आपल्याकडे राजकीय शब्दच नाही. एकीकडे बंड, खंजीर, गद्दारी, फितुरी, म्हणजे युद्ध. दुसरीकडे ‘नाराज’. अमुक नाराज, त्यांची नाराजी दूर करायला तमुक त्यांच्या घरी. या शब्दाने मुद्दाच गायब होतो, उरतो फक्त रुसवा, आणि रुसवा पदाने निघतो हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. एखादा आमदार धरणाबद्दल किंवा भूसंपादनाबद्दल पक्षाच्या विरोधात बोलला, तरी दुसऱ्या दिवशी तो ‘नाराज’ असतो आणि त्याला कोणतं महामंडळ हवं याची चर्चा सुरू होते.

१९६९ मध्ये या रिकाम्या जागेत एक शब्द आला होता. राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. त्यांच्यासाठी पक्षादेश काढायला इंदिरा गांधींनी नकार दिला आणि सद्सद्विवेकबुद्धीनुसार मत द्या असं आवाहन केलं. व्ही. व्ही. गिरी निवडून आले, आणि त्या नोव्हेंबरात शिस्तभंगासाठी खुद्द पंतप्रधानांना पक्षातून काढण्यात आलं. त्यामागे सत्तेचा डाव होता हे खरं, पण शब्द चांगला होता. तो राहिला नाही. उच्चाराला जड, आणि लवकरच ‘आतला आवाज’ म्हणून थट्टेत गेला.

माझी सूचना ‘भिन्नमत’ अशी आहे. विधिमंडळाच्या समितीत सदस्याला अहवाल मान्य नसेल तर तो भिन्नमतपत्रिका जोडतो. तिथे कोणी त्याला नाराज म्हणत नाही, गद्दार तर नाहीच, आणि ती पत्रिका अहवालाबरोबर छापली जाते. शब्द रूढ आहे, त्याला कागदोपत्री प्रतिष्ठा आहे. ‘अमुक आमदारांनी पक्षाच्या भूमिकेला भिन्नमत नोंदवलं’ हे वाक्य बातमीत सहज बसतं, आणि ते लिहिताना बातमीदाराला मत कशाबद्दल होतं हेही लिहावं लागतं. याहून सुटसुटीत शब्द कोणाकडे असेल, बोलीतला असला तर उत्तमच, तर तो इथे द्यावा.