जूनमध्ये ग्रीस: सासूबाईंचे गुडघे, लेकाचा समुद्र आणि एजंटाची चार बेटं

कोथरूडची_मनी
मंडळी, सल्ला हवाय. लेकाची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, त्याआधी मे अखेरपासून बारा दिवस ग्रीसला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: मी, नवरा, लेक (११ वर्षं, पाण्यातून बाहेर काढायला दटावावं लागतं) आणि सासूबाई (७०, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही).

एजंटाने दिलेला प्लॅन असा: अथेन्स २ रात्री, मिकोनोस २, सँटोरिनी २, नॅक्सोस १, क्रीट ३, परत अथेन्स १. वाचूनच मला धाप लागली. नवरा म्हणतो एवढे पैसे घालतोय तर सगळं बघून घेऊ. लेकाला फक्त समुद्र हवाय. सासूबाईंना शेजारच्या काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला सँटोरिनीचा तो निळा घुमट बघायचाय. काय ठेवू, काय गाळू?

हाम्बुर्गकर
मने, हा प्लॅन फेरीबोटवाल्याने लिहिलाय का? एक बेट बदलायचं म्हणजे खोली सोडा, बंदर गाठा, उन्हात बोटीची वाट बघा, ढकलाढकलीत बॅगा चढवा, पलीकडे परत टॅक्सी शोधा. अर्धा दिवस सहज जातो. सासूबाईंना घेऊन हे पाच वेळा करणार?

आम्ही चारदा क्रीटला गेलोय आणि अजून पुरं पाहून झालेलं नाही. ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, पूर्व-पश्चिम साधारण २६० किमी. वाळू, डोंगर, घळी, जुनी शहरं, सगळं एकाच बेटावर. माझं मत: अथेन्स २ रात्री, मग क्रीटवरची दोन शहरं, हानिया ६ आणि इराक्लियो ३, आणि इराक्लियोहून विमानाने परतीची वाट. हानिया नकाशात तुम्ही 'चानिया' वाचाल, पण म्हणायचं हानिया. अथेन्सहून विमान तासाभराचं आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोटही आहे, केबिन घेतली तर झोपून सकाळी उतरता. लेकाला ती फार आवडेल.

शंकासुर
ग्रीसला जाऊन सँटोरिनी नाही? म्हणजे आग्र्याला जाऊन पेठा घेऊन परत येण्यासारखं झालं. दोन रात्री तरी ठेवा. ज्वालामुखीच्या कड्यावरून खाली समुद्र बघायचा, ते दुसरीकडे कुठे नाही.

हाम्बुर्गकर
@शंकासुर, दृश्य अफाट आहे, मान्य. पण मनीने समुद्र विचारलाय. तिथे कामारी आणि पेरिसाला काळी ज्वालामुखी वाळू, दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. आणि इया गावात सूर्यास्ताच्या वेळी दगडी पायऱ्यांच्या गल्ल्यांत जी गर्दी होते तिच्यात सासूबाईंना उभं करून बघा. फारच मन असेल तर मोसमात इराक्लियोहून जलद बोट दोनेक तासांत सँटोरिनीला जाते, एक दिवसाची चक्कर होते. फक्त क्रूझवाल्यांची झुंबडही नेमकी त्याच वेळेला असते.

नाखवा
मी अलिबागचा. समुद्राबद्दल तेवढं बोलतो.

पहिली गोष्ट, मे अखेर तिकडचं पाणी गार असतं. २० ते २२ अंश. आपलं त्या दिवसांत २९-३०. ऊन बघून पोरगं धावत आत जाईल आणि किंचाळत बाहेर येईल. दहा मिनिटांनी परत जाईल, मग काढता येणार नाही. तिकडचं पाणी खरं तापतं ऑगस्टमध्ये, पण तेव्हा तुमच्या शाळा चालू असतात आणि बेटांवर अर्धा युरोप उतरलेला असतो. त्यामुळे जूनचा पहिला आठवडा हा बरा सौदा आहे.

दुसरी, तिथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच. आपण कुलाबा किल्ल्यात ओहोटी बघून चालत जाणारी माणसं. तिथे सकाळी ठेवलेली चप्पल संध्याकाळी तिथेच, पाण्याची रेषा हलत नाही. मला तर पहिल्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तिसरी, वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो, दिवसेंदिवस थांबत नाही. जूनच्या सुरुवातीला त्रास कमी, तरी उत्तर किनाऱ्यावर लाटा उठल्या असतील आणि लाल झेंडा असेल तर आत जायचं नाही. पाणी काचेसारखं दिसतं म्हणून ते साधं असतं असं नाही. आणि खडकाळ जागी रबरी बूट घाला. तळाशी काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात, काटा तळव्यात मोडला की दोन दिवस लंगडणं.

साबुदाणा_वडा
खाण्याचं माझ्यावर सोडा, मीही अंडं न खाणारी आणि क्रीटमध्ये दहा दिवस उपाशी राहिले नाही.

डाकोस मागवा: जवाचा कडक टोस्ट, आपल्या चहाच्या टोस्टहून दुप्पट टणक. त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा नावाचं पांढरं मऊ चीज, ओरेगॅनो आणि ऑलिव्हचं तेल ओतलेलं. पाच मिनिटं मुरू द्या, नाहीतर दाताची गॅरंटी नाही. फावा म्हणजे चक्क घट्ट वरण, पिवळ्या डाळीचं, वर कच्चा कांदा. मोठ्या पांढऱ्या वालांसारखं कडधान्य टोमॅटोत भाजतात त्याला गिगांतेस म्हणतात. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून. गेमिस्ता म्हणजे भाताने भरलेले टोमॅटो-मिरच्या, पण त्यात कधी खिमा असतो, विचारून घ्या.

आता गंमत. तिकडे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षभर चालू असतात आणि उपासाच्या जेवणाला 'निस्तिसिमो' म्हणतात. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. मी खूश होऊन तेवढाच एक शब्द पाठ केला. पहिल्याच हॉटेलात ताटात कोळंबी आली! त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूळ, शिंपल्या चालतात, कारण त्यांच्यात रक्त धरत नाहीत. त्यामुळे 'होरिस क्रेआस, होरिस प्सारी', म्हणजे मांस नको, मासे नको, हे म्हणायचं आणि वर कोळंबीचं चित्र दाखवून नको म्हणायचं. चीजच्या बाबतीत सासूबाई काटेकोर असतील तर एक सांगून ठेवते, तिथली पारंपरिक चीजं प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासरा-कोकरांच्या पोटातल्या विरजणाने, जमवलेली असतात.

जेवण झाल्यावर न मागता फळं आणि छोटी काचेची बाटली येते. ती पाण्याची नाही. ती राकी, म्हणजे कडक दारू. सासूबाईंच्या हाताशी ठेवू नका.

कोथरूडची_मनी
@साबुदाणा_वडा, कोळंबीचं वाचून सासूबाई इतक्या हसल्या! "आपली एकादशी बरी" म्हणाल्या. मेतकूट, लोणचं, ठेपले बॅगेत ठरले.

त्यांना सँटोरिनीचंही विचारलं. त्यांनी एकच विचारलं, पायऱ्या किती? नेटवर पाचशे ऐंशीच्या वर वाचलं ते सांगितलं. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि भाजी निवडायला घेतली.

शंकासुर
अहो त्या जुन्या बंदराच्या पायऱ्या! तिथे केबल कार आहे! कोणी चढत नाही! सासूबाईंना घाबरवून मतदान जिंकलंत तुम्ही.

गडकोट_वेडा
इतिहासाचं कोणी बोलेना म्हणून मी. इराक्लियोच्या तटाकडे पाठ फिरवून नुसतं क्नोसोस, म्हणजे शहराजवळचा प्राचीन राजवाडा, बघून येऊ नका. हे शहर तेव्हा कँडिया, व्हेनिसच्या ताब्यात. ऑटोमन फौजेने १६४८ साली वेढा घातला तो १६६९ मध्ये शहर पडलं तेव्हाच उठला. एकवीस वर्षं! प्रतापगडाची लढाई झाली, १६५९ मध्ये, तेव्हा त्या वेढ्याला अकरा वर्षं होऊन गेली होती. तटावर उभं राहून हे आठवलं की बुरुजांच्या जाडीकडे वेगळ्याच नजरेने बघतो आपण. बंदरावर कूलेस किल्ला आहे, त्यावर व्हेनिसचा पंखवाला सिंह कोरलाय. त्याची माझ्या जंजिऱ्याशी तुलना होऊ शकत नाही, पण चालेल.

क्नोसोसला सकाळी उघडताना आत शिरा. सावली अगदी थोडी. आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० पासून ते खणलं आणि पुढे काँक्रीट ओतून लाल खांब उभे केले, त्यावर अभ्यासक अजून भांडतात. लेकाला मात्र ते खांबच आवडतील. मूळ भित्तिचित्रं शहरातल्या वस्तुसंग्रहालयात आहेत, बैलावरून कोलांटी मारणारा पोरगाही तिथेच. दुपारच्या उन्हात तिकडे बसा, गार असतं.

आणि हानियाहून फलासार्नाला जाल तेव्हा वाळूवरच थांबू नका. उत्तरेकडे थोडं गेलात की प्राचीन बंदर लागतं, पण ते कोरड्या जमिनीवर! सन ३६५ च्या भूकंपात बेटाचा पश्चिम भाग कित्येक मीटर वर उचलला गेला. समुद्र खाली राहिला, धक्का वर.

हाम्बुर्गकर
गाडीबद्दल राहिलंच. इंटरनॅशनल परमिट पुण्याहूनच काढून न्या. गाडी उजवीकडून. मोठ्या रस्त्यावर स्थानिक लोक अर्धी गाडी कडेच्या पट्ट्यात घालून चालवतात, मागच्याला पुढे जाऊ द्यायला. तुम्हीही तेच करायचं, नाहीतर मागून हॉर्न. बालोसच्या किनाऱ्याला गाडीने जाऊ नका. शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर आणि गाडीचा तळ बहुतेकदा धरत नाहीत. शिवाय वरून पायऱ्या उतरायच्या. किसामोसहून बोट जाते, ती घ्या.

व्हिसा: मोठ्यांना ९० युरो, सहाच्या वरच्या, बाराच्या आतल्याला ४५. प्रवास विमा ३०,००० युरोचा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात मुंबईत तारखा मिळत नाहीत, बसून राहू नका.

हो, आणि संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, तिकडचे पाइप अरुंद. प्लास्टिकचा मग बॅगेत असू द्या.

कोथरूडची_मनी (१३ जून)
परत आले. अथेन्स २, हानिया ६, इराक्लियो ३, जसं सांगितलंत तसंच.

आधी रड. हानियात 'समुद्र दिसणारी' खोली बुक केली होती. दिसत होता, बाथरूमच्या खिडकीतून, स्टुलावर उभं राहिल्यावर. भांडून दुसरी मिळाली. नवऱ्याने पहिल्या दिवशी गोल चौकात उलटी गाडी घातली, त्याबद्दल घरात बोलायला बंदी आहे.

नाखवांचं पाण्याबद्दलचं अक्षरशः खरं. लेक किंचाळला, दहा मिनिटांनी गेला, संध्याकाळी ओठ निळे करून आला. आठला सूर्य वरच, त्यामुळे 'अंधार पडला' हे माझं हत्यार चालेना.

सासूबाईंचं सांगायचंय. एलाफोनिसीला आम्ही नऊच्या आत पोचलो, नंतर बसेस येतात. तिथे किनारा आणि समोरचं छोटं बेट यांच्यामध्ये पाणी गुडघ्याएवढं, खाली मऊ वाळू, काठाला गुलाबी झाक. त्यांनी सलवार वर खोचली, एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात माझं मनगट. मध्यावर मनगट सोडलं. घरी दुसरा मजला चढताना दोनदा थांबणारी बाई पलीकडे जाऊन परत आली. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही म्हणाल्या.

पण त्यांचा आवडता किनारा तो नाहीच. हानियात नेआ होरा म्हणून गावातला साधा किनारा आहे, आमच्या खोलीपासून चालत. सकाळी तिथल्या आज्या टोप्या घालून छातीभर पाण्यात गोल करून उभ्या राहतात आणि तास-तास गप्पा मारतात. पोहत कोणी नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई त्या गोलात. एकमेकींची भाषा शून्य. गुडघ्याकडे बोट दाखवून चेहरा वाकडा केला की सगळ्या माना हलवायच्या. चौथ्या दिवशी एकीने पिशवीतून लिंबं आणून दिली. सासूबाईंनी तिला मेतकुटाची पुडी दिली, कशाबरोबर खायचं ते हातवाऱ्यांनी समजावून.

साबुदाणा_वडा
मेतकूट?? तिने त्याचं काय केलं असेल!

कोथरूडची_मनी
दुसऱ्या दिवशी हातवारे करून सांगितलं तिने. दह्यात घातलं. बरोबरच की!

शंकासुर
आणि निळा घुमट?

कोथरूडची_मनी
विमानतळावर फ्रीजला लावायचं मॅग्नेट मिळालं. शेजारच्या काकूंना दिलं.