पोलीस प्रवक्त्यांचं प्रशिक्षण: बोलायला शिकवायचं की टोलवायला?

कोरा कागद (धागाकर्ता)

पोलीस प्रवक्त्यांच्या एका माध्यम-प्रशिक्षणात दोन दिवस मागच्या बाकावर बसायला मिळालं. कॅमेरा, दिवे, खोटे पत्रकार, सगळा जामानिमा. एकेकाला उभं करायचं, अडचणीचे प्रश्न विचारायचे आणि मग त्याचंच चित्रण पडद्यावर दाखवायचं. पहिल्या फेरीत एकजण संशयिताला बेधडक ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळा झाला. दुसऱ्यानं प्रश्नातला शब्दच उचलला: “नाही नाही, आम्ही काही लपवाछपवी करत नाही!” झाला मथळा तयार.

दुसऱ्या दिवशी दोघंही सफाईनं बोलत होते आणि तेच मला खटकलं. पहिल्या दिवसाची उत्तरं चुकीची असतील, पण ती विचारलेल्या प्रश्नाची होती. दुसऱ्या दिवशी “गोळी कुणी झाडली?” याला “नागरिकांची सुरक्षितता ही आमची पहिली जबाबदारी आहे” असं उत्तर आलं आणि प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रशिक्षण बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण प्रश्न वळवून आपल्या ठरलेल्या मुद्द्यावर आणायची जी कसरत शिकवतात, ती अभ्यासक्रमातून काढा. साबण विकणाऱ्याला ती शोभते. मतं येऊ द्या.

बूमवाला

शंभर टक्के सहमत. बरीच वर्षं वाहिनीचा बूम (माईक) धरलाय, एक निरीक्षण सांगतो. प्रशिक्षित प्रवक्त्याच्या वाक्यातून सगळ्यात आधी कर्ता पळून जातो. “आम्ही लाठ्या चालवल्या” असं कुणी म्हणत नाही. “बळाचा वापर करावा लागला.” करावा लागला! म्हणजे केला कुणी हे नाहीच, वर जबरदस्ती झाली ती पोलिसांवरच.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या पोलिसांचं पहिलं निवेदन आठवा. २५ मे २०२० ला पोलिसानं मानेवर गुडघा दाबून धरला आणि जॉर्ज फ्लॉइड गेला. ‘पोलिसांशी संबंध आला त्या वेळी वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू’ अशा अर्थाचं शीर्षक होतं. बेड्या घातल्या, त्याला त्रास होताना दिसला, रुग्णवाहिका बोलावली, सगळं शिस्तीत लिहिलेलं. मानेवरच्या गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही. रस्त्यावरच्या १७ वर्षांच्या मुलीनं फोनवर चित्रण केलं नसतं, तर तेच निवेदन इतिहास म्हणून राहिलं असतं. भाषा कच्ची होती म्हणून ते निवेदन फसलं का? उलट फारच पक्की होती.

खाकीमागचा

टाळ्यांबद्दल धागाकर्त्यांशी सहमत. बाकी नाही. हे काम केलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

घटनेला चाळीस मिनिटं झालेली असतात. जागेवरचा अधिकारी फोन उचलत नाही, उचललाच तर अर्धं वाक्य बोलून ठेवतो. बाहेर दहा बूम. तुम्ही ‘तीन जखमी’ म्हणालात आणि चौथा सापडला, की ‘पोलिसांनी आकडा लपवला’. आणि कुठल्यातरी घरात टीव्हीसमोर असं कुणी बसलेलं असतं, ज्याला आपला माणूस गेल्याचं अजून कळलेलं नाही. हे शेवटचं मनातून जात नाही.

अशा वेळी पत्रकार एक साधी युक्ती करतो. उत्तर ऐकून घेतो आणि गप्प बसतो. नुसता बघत राहतो. न शिकलेल्या गड्याला ती शांतता सोसत नाही. तो बोलत सुटतो आणि दहा सेकंदांत नीट दिलेलं उत्तर पुढच्या वीस सेकंदांत स्वतःच नासवतो. उत्तर संपलं की तोंड मिटायचं, एवढं शिकवलं तरी माझ्या मते प्रशिक्षणाचे पैसे वसूल.

आता वळवण्याबद्दल. “त्यानं कबुली दिली का?” याला मी काय सांगू? ‘हो’ म्हटलं तर खटला सुरू होण्याआधीच निकाल लागतो. ‘नाही’ म्हटलं तर कदाचित ते खोटं असेल. मग म्हणायचं, “ते आत्ता सांगता येणार नाही, खटल्यावर परिणाम होईल, सांगता येण्यासारखं आहे ते असं…” हेही वळवणंच झालं. पण का वळवतोय ते सांगून. तुमच्या प्रशिक्षकांनी ‘का’ गाळलं, त्यासाठी सगळी विद्याच फेकून देऊ नका.

आणि जर्मनीतलं म्युनिक पाहा. २२ जुलै २०१६, शुक्रवारची संध्याकाळ, मॉलजवळ गोळीबार, शहरभर अफवा: इथंही गोळीबार, तिथंही गोळीबार. नऊ जणांचा बळी गेला होता. पोलिसांनी जर्मन, इंग्रजी, फ्रेंच आणि तुर्की अशा चार भाषांत सूचना दिल्या, कारवाईची चित्रणं टाकू नका म्हणून विनवलं, आणि प्रवक्ते मार्कुस दा ग्लोरिया मार्टिन्स एका सुरात, आवाज न चढवता बोलत राहिले. तो सूर आयत्या वेळी येत नाही हो. तो सरावाचाच असतो.

बूमवाला

खाकीसाहेब, त्याच संध्याकाळी पोलीसही तीनपर्यंत हल्लेखोर असू शकतात असं सांगत होते. निघाला एकटा. शांत सुरात चुकीचं सांगितलं, तर लोक ते जास्त शांतपणे खरं मानतात, एवढंच.

खाकीमागचा

‘असू शकतात’ म्हणाले, बूमवाले. ‘आहेत’ नाही. आणि एकटाच होता हे कळल्यावर तेही त्यांनीच सांगितलं.

चष्मिष्ट

‘असू शकतात’ कुणाला ऐकू येतं? धर्मराजानंही ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं होतंच की. ते शंखात बुडालं.

जुलै २००५ मध्ये लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात पोलिसांनी एका ब्राझिलियन तरुणाला आत्मघाती हल्लेखोर समजून गोळ्या घातल्या. पोलीस आयुक्त इयन ब्लेअर त्याच दिवशी पत्रकारांसमोर म्हणाले, की माझ्या माहितीप्रमाणे त्याला हटकलं होतं आणि त्यानं पोलिसांचं ऐकलं नाही. तरुण निर्दोष होता. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द संपादनाच्या टेबलावर गळून पडतात, उरतं ते ‘त्यानं ऐकलं नाही’. बूमवाल्यांनी यावरही बोलावं. कात्री त्यांच्याच हातात असते.

जाईजुई

दोन्ही बाजू प्रवक्त्याच्या तोंडाकडेच बघताहेत. मला वाटतं ध चा मा त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच झालेला असतो.

टेक्सासमधलं युवाल्डी. २४ मे २०२२, शाळेतला गोळीबार, १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. आधी सांगितलं, की शाळेच्या पोलिसानं हल्लेखोराला बाहेरच अडवायचा प्रयत्न केला. दोन दिवसांनी कळलं, असं कुणी अडवलंच नव्हतं. मग बाहेर आलं, की तो आत शिरल्यापासून ठार होईपर्यंत ७७ मिनिटं गेली आणि बराच वेळ पोलीस वर्गाबाहेर थांबून होते. राज्याच्या पोलीस प्रमुखांना, तो निर्णय चुकीचा होता, असं जाहीरपणे म्हणावं लागलं. आता सांगा, माईकपुढच्या माणसाला कॅमेऱ्याकडे बघायचं की पत्रकाराकडे, हे शिकवून यातलं काय सुधारलं असतं? प्रशिक्षण त्याला माहिती पुरवणाऱ्यांना द्या. कुणी, किती वाजता, स्वतः पाहून सांगितलं की ऐकून, याची नोंदवही ठेवा.

खाकीमागचा

नोंदवहीचा मुद्दा मान्य. उशिरा शिकलो आम्ही. सांगणाऱ्याला “तुम्ही स्वतः पाहिलंत का?” एवढं विचारलं, तरी अर्धी बातमी गळून पडते. अर्थात वरिष्ठाला ते विचारायला छाती लागते, आणि ती कुठल्या शिबिरात मिळत नाही.

दोन पैसे

प्रवक्ता काढूनच टाका. लेखी निवेदन द्या, विषय संपला.

जाईजुई

दोन पैसे, मिनियापोलिसचं लेखीच होतं.

आणि गप्प राहिल्यानं काय होतं त्याला लँकेशर बघा, इंग्लंडमधलं. जानेवारी २०२३ मध्ये एक महिला बेपत्ता झाली. पोलिसांनी मुख्य माध्यमांना विश्वासात घेऊन पार्श्वभूमी सांगितली नाही. त्या पोकळीत हौशी शोधक आणि तर्कटं घुसली. दडपण वाढल्यावर फेब्रुवारीत पोलिसांनी तिच्या प्रकृतीचे आणि मद्याच्या त्रासाचे खासगी तपशील जाहीर केले. पुढे झालेल्या स्वतंत्र आढाव्यात ते टाळता येण्याजोगं आणि अनावश्यक ठरलं. म्हणजे आधी गरजेपेक्षा कमी आणि मग गरजेपेक्षा जास्त.

कोरा कागद

लँकेशरमुळे माझं मत थोडं हललंय, कबूल करतो. तिथं कुणीतरी ‘हे सांगणार नाही, आणि का ते असं’ म्हणायला हवं होतं. म्हणजे खाकीमागच्यांचं कारण सांगून वळवणं राहू दे. पण मग “मला माहीत नाही” याचाही सराव घ्या. दोन दिवसांत ते वाक्य मी एकदाही ऐकलं नाही.

खाकीमागचा

मी म्हणून पाहिलंय. रात्रभर टीव्हीवर पट्टी चालली: ‘पोलीस अंधारात’.

बूमवाला

ती पट्टी आमच्यातल्याच कुणीतरी लिहिली असणार. नाकारत नाही.

खाकीमागचा

तेव्हापासून नुसतं ‘माहीत नाही’ म्हणत नाही. काय माहीत नाही, ते शोधायला कोण गेलंय आणि मी परत किती वाजता येतोय, तिन्ही सांगतो. आणि नवीन काही नसलं तरी त्या वेळेला येऊन उभा राहतो.

बूमवाला

आणि नाही आलात तर?

खाकीमागचा

तर लावा पट्टी.