वाई–मेणवली–धोम: सगळ्यांना झेपेल अशी सायकल राईड कशी आखावी?

मानसी_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत सायकल चालवणाऱ्यांचा एक गट जमलाय. इतके दिवस आम्ही हायवेच्या कडेनेच जायचो, पण त्या ट्रकच्या आवाजात एकमेकांशी दोन शब्द बोलता येत नाहीत. म्हणून जानेवारीतल्या एखाद्या रविवारी सायकली टेम्पोत घालून वाईला यायचं आणि कृष्णाकाठच्या गावांतून निवांत फिरायचं असं ठरतंय.

अडचण अशी की गटात सगळ्या तऱ्हेचे लोक आहेत. पासष्टीचे एक काका आहेत, बिनगिअरची सायकल घेऊन येणारी माझी शेजारीण आहे, नववीतला एक मुलगा आहे, आणि दर आठवड्याला सिंहगड चढणारे तिघे आहेत. मागच्या वेळी पुढचे केव्हाच दिसेनासे झाले आणि काका फाट्यावर एकटेच फोन लावत उभे राहिले. पुन्हा तसं व्हायला नको आहे. तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता सुचवाल का? आणि एवढा गट गावांतून न्यायचा तर काय सांभाळायचं?

कृष्णाकाठची

मानसीताई, मी वाईतच राहते आणि आमचा रविवारचा गट बरेचदा मीच नेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पस्तीस किलोमीटरचा हट्ट सोडा. वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर, आणि धोम वाईपासून आठ-नऊ. जाऊन-येऊन वीसच्या आत. ऐकायला थोडं वाटतं, पण थांबत-बोलत गेलात तर सकाळ कशी सरली ते कळणार नाही. पस्तीस ठरवलंत की सगळ्यांचं लक्ष घड्याळावर जातं आणि मग देवळापुढून नुसतं निघून जायची वेळ येते. काकांचा जो वेग, तोच राईडचा वेग. हे आदल्या दिवशीच सगळ्यांना स्पष्ट सांगा, सिंहगडवाल्यांना तर आवर्जून.

आता कुणी चुकू नये म्हणून आम्ही काय करतो ते सांगते. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला एक जण. सगळ्यात मागे ‘शेपूट’, म्हणजे दमदार आणि शांत डोक्याचा माणूस. शेपटाच्या मागे कुणीही राहायचं नाही. फाटा आला की पुढच्याच्या लगेच मागे जो असेल तो तिथे ‘खांब’ होऊन थांबतो, प्रत्येकाला वळण दाखवतो, आणि शेपूट दिसलं की त्याच्या पुढे राहून निघतो. पुढच्या फाट्याला दुसरा खांब. यात गंमत अशी होते की जोरात चालवणारेच नेहमी पुढे असल्यामुळे खांब तेच होतात, आणि मग मागून पुन्हा पुढे यायला त्यांना दामटायला मिळतं. त्यांचीही हौस भागते आणि काका एकटे पडत नाहीत. शेपूट मात्र अर्ध्या वाटेत बदला, एकाच्याच गळ्यात सबंध सकाळ नको.

सुरुवात गणपती आळीच्या घाटावरून करा. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 सालचं, सरदार रास्त्यांनी बांधलेलं. सकाळी तिथे गर्दी नसते आणि सायकली उभ्या करायला ऐसपैस जागा मिळते. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट. घाटावरची मोठी घंटा जरूर जवळ जाऊन पाहा. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा, अंगावर 1707 चा आकडा आहे. आमच्या गटात कुणी नवीन आलं की मी त्याला हात लावून बघायला सांगते, थंडीत धातू बर्फासारखा गार लागतो. एक मात्र लक्षात ठेवा, ज्यांच्या बुटांना खाली क्लीट (पेडलमध्ये अडकणारे तुकडे) असतात त्यांनी पायऱ्या उतरताना बूट काढावेत. ओल्या काळ्या दगडावरून क्लीट सर्रकन घसरतात.

पुढे भोगाव, तिथे कवी वामन पंडितांची समाधी आहे. शेवटी धोमचं नृसिंहाचं देऊळ. शेजारच्या महादेवापुढचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलाय, आणि भोवतीचं दगडी कुंड कमळाच्या पाकळ्यांचं. पाकळ्यांच्या कडा हाताने चाचपून पाहाव्यात इतक्या नेमक्या आहेत. मुलाला नक्की आवडेल. इथेच डबे उघडा आणि परत फिरा.

जानेवारीत ऊसतोड ऐन भरात असते. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि पुष्कळांच्या मागे दिवा नसतो. ट्रॉली वळताना मागची ट्रॉली आत येते, म्हणून वळणावर तिच्या आतल्या बाजूला अजिबात शिरू नका. थांबा, जाऊ द्या. नदीकाठी धुकं असतं, सात वाजले तरी समोरचं धड दिसत नाही, तेव्हा उजाडल्याशिवाय निघू नका आणि मागचा लाल दिवा चालू ठेवा. गतिरोधकांना पांढरे पट्टे असतीलच असं नाही. पुढच्याने ओरडून सांगायचं, मागच्याने तेच मागे पोचवायचं.

आणि गावात शिरलात की एकामागे एक चाला. घंटी वाजवत, आरडाओरडा करत जाऊ नका. घाटावर बायका धुणं धूत असतील तर मोबाईल खिशात ठेवा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. शहरातून आलेले लोक त्यांना न विचारता फोटो काढतात, याचा इथल्या बायकांना फार त्रास होतो. देवळात जाताना तंग सायकलच्या चड्डीवर एखादी सैल पँट चढवा. चहा गावातल्याच टपरीवर घ्या, आधी पोचलेल्याने किती कप ते सांगून ठेवावं, म्हणजे दूध कमी पडत नाही.

सायकलदुरुस्ती_सातारा

ताईंनी सगळं लिहिलंय, मी फक्त पंक्चरचं सांगतो. बाभळीचे काटे आणि सराटे, दोन्ही बांधावर आणि रस्त्याच्या कडेला भरपूर. सायकली टेकवताना मातीत ढकलत नेऊ नका, उचलून ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याची हवा मोटरसायकलच्या व्हॉल्व्हला बसते. तुमच्या रोड बाईकवाल्यांचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर तिथे हवा भरता येणार नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो प्रत्येकाच्या खिशात हवा. ट्यूब मात्र प्रत्येकाने आपापल्या मापाची आणा, सगळ्यांच्या चाकांचं माप एक नसतं. बिनगिअरच्या सायकलचं मागचं चाक बहुधा नटांचं असतं, त्याचा पाना आठवणीने घ्या. तोच नेमका कुणाकडे नसतो.

घाटवेडा

सिंहगडवाल्यांना वीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही, कंटाळतील. धोमहून परतल्यावर त्यांना पसरणी घाटाने पाचगणीला पाठवा. बाराएक किलोमीटरचा चढ आहे, वरून सगळं वाईचं खोरं दिसतं.

कृष्णाकाठची

घाट सुरेख आहे, मीही चढते. पण नंतर नको. सकाळी सगळ्यांबरोबर निघालेले तिघे दुपारी घाटात, आणि बाकीचे वाईत टेम्पोपाशी त्यांची वाट बघत उन्हात, असं होतं. शिवाय रविवारी दुपारी पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांची रांग लागते आणि उतरताना त्यांच्यातूनच यावं लागतं. त्यांना चढायचंच असेल तर आदल्या दिवशी येऊन मुक्काम करू द्या, शनिवारी घाट आणि रविवारी सगळ्यांबरोबर.

मानसी_कोथरूड

खूप आभार! वीसच किलोमीटर ठरवतोय. शेजारणीला ‘खांब’ फार आवडलं, ती म्हणते पहिला खांब मीच. एक विचारायचं राहिलं. आमच्यात सहा बायका आहेत. वाटेत स्वच्छतागृहाची सोय आहे का? याच कारणाने दोघी यायला कचरतायत.

कृष्णाकाठची

बरं केलंत विचारलंत, हे कुणी विचारत नाही आणि मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. निघताना वाईतच सगळ्यांनी उरकून घ्या. वाटेत भरवशाची सार्वजनिक सोय धरून चालू नका. दोघी-तिघींनी मिळून एखाद्या घरी विचारायचं, “काकू, जरा बाथरूम वापरू का?” घरात बाईमाणूस असलं तर इथे कुणी नाही म्हणत नाही, उलट चहाला बसवतात. पाणी भरपूर प्या, दोघींनाही घेऊन या.

वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे तिथली मोठी यात्रा, रंगपंचमीला असतं, तुमचा बेत पुढे ढकलला गेला तर तो दिवस तेवढा टाळा, वाईच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आणि निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी इथे लिहा. उसाच्या गाड्या कुठल्या बाजूला चालू आहेत ते बघून सांगते, त्याप्रमाणे आधी मेणवली की आधी धोम ते ठरवता येईल.