टेहळणी हेलिकॉप्टर निवृत्त करताना मधली फट का पडते? सी किंग, क्रोजनेस्ट आणि आपलं का-३१

दर्याकिनारी
नमस्कार मंडळी. ब्रिटनच्या रॉयल नेव्हीने सी किंग एएसएसी ७ ही हवाई टेहळणीची हेलिकॉप्टरं सप्टेंबर २०१८ मध्ये निवृत्त केली. त्यांच्या जागी मर्लिन हेलिकॉप्टरवर बसवायची क्रोजनेस्ट ही रडार यंत्रणा कामाला सज्ज झाल्याचं जाहीर झालं ते थेट जुलै २०२३ मध्ये. मध्ये जवळजवळ पाच वर्षं गेली. रडार त्याच सर्चवॉटर घराण्यातलं, बनवणारी थेल्स कंपनीही तीच, मग एवढा वेळ कशात गेला? जुनी हेलिकॉप्टरं आणखी थोडी ओढता आली नसती का? आणि निवृत्त करायचं म्हणजे प्रत्यक्ष काय काय करतात, हे कुणी नीट सांगेल का?

क्षितिजरेषा
आधी हे हेलिकॉप्टर लागतंच कशाला ते पाहू, म्हणजे फट किती महागात पडते ते कळेल. रडार सरळ रेषेत पाहतं, पृथ्वी गोल आहे. ढोबळ सूत्र असं: अंतर किलोमीटरमध्ये = ४.१२ × (रडारच्या उंचीचं वर्गमूळ + लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ), उंची मीटरमध्ये. जहाजाच्या डोलकाठीवर २५ मीटरवर रडार आहे आणि क्षेपणास्त्र पाण्यावरून ५ मीटर उंचीने येतंय असं धरा. उत्तर येतं जेमतेम ३० किलोमीटर. सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारं क्षेपणास्त्र हे अंतर १०० सेकंदांत कापतं. तेच रडार ३,००० मीटरवर नेलं की क्षितिज २३५ किलोमीटरवर जातं आणि हातात तेरा मिनिटं येतात. एवढ्या लांबून इतकं छोटं लक्ष्य टिपायला रडारही तसं ताकदीचं हवं, पण डोलकाठीवरून ते मुळात दिसणारच नाही.

रॉयल नेव्हीने हा धडा एकदा घेतला होता. हवाई टेहळणीची गॅनेट विमानं १९७८ मध्ये आर्क रॉयल नौकेबरोबरच गेली आणि त्यांच्या जागी नौकेवरून उडणारं काहीच आलं नाही. ४ मे १९८२ ला फॉकलंडच्या युद्धात शेफील्ड या युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, २० जण गेले. त्यानंतर दोन सी किंगवर निमरॉड विमानाचं सर्चवॉटर रडार अवघ्या ११ आठवड्यांत बसवलं. ती ऑगस्टमध्ये इलस्ट्रियस नौकेवरून निघाली, युद्ध मात्र १४ जूनलाच संपलं होतं. बैल गेला आणि झोपा केला. म्हणून २०१८ ची फट जास्त खटकते. पहिल्या वेळी अनुभव नव्हता, दुसऱ्या वेळी होता.

जोडारी
"तेच रडार" म्हटलं की काम सोपं वाटतं. अँटेना, तिचा घुमट आणि प्रक्रियेची पेटी हे फार तर अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे ते हेलिकॉप्टरशी जोडणं, आणि उशीर तिथेच होतो.

घुमट हेलिकॉप्टरच्या कुशीला असतो. उड्डाणात तो पोटाखाली उतरवतात, डेकवर यायच्या आधी वर घेतात. सी किंगवर हा घुमट कापडी आणि हवा भरून फुगवलेला होता, म्हणून तिथले लोक त्याला सरळ 'बॅग' म्हणत. आता हेच मर्लिनवर न्यायचं तर प्रश्न बघा. एका बाजूला वजन आलं, तोल पुन्हा मोजायचा. घुमट खाली असताना वाऱ्याचा ओढा वेगळा, वर असताना वेगळा, दोन्हीची उड्डाण चाचणी वेगळी. तीन इंजिनं आणि पाच पात्यांचा रोटर यांची कंपनं सी किंगपेक्षा वेगळी, त्यामुळे जुन्या यंत्रावर बसलेलं गणित इथे चालत नाही. वीजपुरवठा, थंडावा, आत बसून रडार पाहणाऱ्या निरीक्षकांचे पडदे, मित्र-शत्रू ओळखयंत्र, रडारचं चित्र जहाजाला पाठवणारा डेटालिंक या सगळ्यांची पुन्हा गाठ मारायची. त्यातलं एक मागे पडलं की बाकीचे खोळंबतात.

शिवाय आराखडा असा की ३० मर्लिन एचएम २ पैकी कुठल्याही हेलिकॉप्टरवर बसेल अशी तयारी करायची आणि संच घ्यायचे १०. कागदावर हे लवचीक दिसतं. पण ही ३० हेलिकॉप्टरं पाणबुड्या शोधायलाही तीच लागतात. ज्या दिवशी पाणबुडी आणि क्षेपणास्त्र दोन्हींची भीती असेल, नेमकी त्याच दिवशी ओढाताण होणार. माझ्या मते या निर्णयाची खरी किंमत उशिरात नाही, इथे आहे.

२०२० मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने कार्यक्रम १८ महिने मागे असल्याचं नोंदवलं. २०२१ मध्ये क्वीन एलिझाबेथ ही विमानवाहू नौका पहिल्या मोठ्या सफरीवर निघाली तेव्हा सोबत तीन क्रोजनेस्ट होती, पण सज्जतेचा शिक्का बसायला आणखी दोन वर्षं गेली. आणि ही यंत्रणा २०२९ मध्ये निवृत्त करायचं आधीच ठरलेलं आहे. म्हणजे हातात सहाच वर्षं.

लॉगकार्ड
"ओढता आली नसती का" याचं उत्तर: एकदा ओढलीच होती. सी किंग एएसएसी मूळ २०१६ मध्ये जायची होती, ती २०१८ पर्यंत नेली. त्याच्या पुढे नेण्यात अडचण उड्डाणाची नसते, सुट्या भागांची असते. बाकीची सी किंग २०१६ पर्यंत गेल्यावर या मोजक्या हेलिकॉप्टरांसाठी सगळा पसारा चालू ठेवावा लागला.

जुन्या ताफ्याचं व्यवस्थापन असं चालतं. मुख्य गियरबॉक्स, रोटर हेड, पाती, शेपटीचा शाफ्ट या प्रत्येकाचं आयुष्य तासांत ठरलेलं असतं. प्रत्येक हेलिकॉप्टरचे उरलेले तास एका तक्त्यावर मांडायचे आणि उड्डाणं अशी वाटायची की सगळ्यांचे गियरबॉक्स एकाच तिमाहीत ओव्हरहॉलला येणार नाहीत. चूक बहुतेक इथेच होते: जे हेलिकॉप्टर चांगलं चालतं तेच सारखं उडवतात, मग दोन-तीन एकदमच जमिनीवर येतात.

त्यानंतर एखादं 'दाता' ठरवून त्याचे भाग काढतात. काढलेल्या प्रत्येक भागासोबत त्याचं लॉगकार्ड गेलंच पाहिजे. किती तास चालला याची नोंद हरवली, तर धडधाकट गियरबॉक्ससुद्धा भंगार समजावा लागतो, कारण तो विमानावर बसवायला कुणी सही करत नाही. दुसरी खबरदारी खाऱ्या हवेची. मॅग्नेशियम मिश्रधातूच्या केसिंगचा रंग टवका उडून निघाला की तिथे पांढरी पूड दिसायला लागते. ती वरवर पुसून पुन्हा रंग मारला तर आत खड्डा पडतच राहतो. पूड पूर्ण खरवडून खोली मोजायची, मर्यादेत असेल तरच संरक्षक थर द्यायचा.

रडारच्या बाजूने आधी दम तोडतात ते उच्च दाबाचे वीजपुरवठे, आणि त्रास देतो वेव्हगाइडमध्ये, म्हणजे रडारच्या लहरी अँटेनापर्यंत नेणाऱ्या पोकळ नळीत, शिरलेला दमटपणा. दमट वेव्हगाइडमध्ये ठिणगी पडते, ट्रान्समीटर स्वतःला बंद करून घेतो आणि पडद्यावर नुसताच बिघाड दिसतो. लोक महागडा ट्रान्समीटर बदलतात, दोष मात्र कोरड्या हवेच्या गाळणीत असतो. आधी गाळणी बघावी.

सेवेतून काढल्यावरचा क्रम: सर्वांत आधी स्फोटक काडतुसं काढायची, म्हणजे तरंगण्याच्या फुग्यांची, अग्निशामक बाटल्यांची, विंचची तार तोडणाऱ्या कटरची. ही राहिली तर पुढच्या माणसाचा हात जातो. मग गुप्त संकेतांची साधनं आणि स्मृतिपेट्या, त्यांची दोन सह्यांनिशी नोंद. मग बॅटरी, इंधन, हायड्रॉलिक तेल. उच्च शक्तीच्या काही इलेक्ट्रॉनिक भागांत बेरिलियम ऑक्साइड असतं, ते फोडायचं नाही, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. मॅग्नेशियम कापताना ठिणगी पडून पेटलं तर पाणी अजिबात मारायचं नाही, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची पावडर वापरायची.

दर्याकिनारी
सविस्तर लिहिल्याबद्दल तिघांचेही आभार. गियरबॉक्स आणि लॉगकार्डचं हे माहीतच नव्हतं. आता आपल्याकडचं सांगा. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर का-३१ ही रशियन टेहळणी हेलिकॉप्टरं दिसतात, २००३ पासूनची. त्यांनाही वीस वर्षं उलटून गेली.

समाक्ष
विक्रमादित्य आणि विक्रांत या दोन्ही नौकांवर कॅटापल्ट, म्हणजे विमान डेकवरून जोराने फेकणारं यंत्र, नाही. म्हणून अमेरिकेच्या हॉकआयसारखं जड टेहळणी विमान उडवता येत नाही आणि का-३१ शिवाय पर्याय उरत नाही. हंसावरचं ३३९ स्क्वाड्रन याच कामासाठी २००३ मध्ये उभं राहिलं. पहिली चार, मग पाच, पुढे आणखी पाच अशी चौदा हेलिकॉप्टरं घेतली.

यात घुमट नाहीच. पावणेसहा मीटर लांबीची सपाट अँटेना पोटाखाली घडी करून असते. हवेत गेल्यावर चाकं वर ओढायची, अँटेना नव्वद अंशात खाली उतरवायची आणि ती दहा सेकंदांत एक फेरी मारते. उतरताना हाच क्रम उलट. घडी पूर्ण बसल्याची खूण मिळेपर्यंत चाकं खाली सोडता येत नाहीत, म्हणून देखभालीत घडीचे कुलूप, मर्यादा-स्विच आणि हायड्रॉलिक गळती यांना पहिला मान द्यावा. आत माणसं दोनच, त्यामुळे चित्र डेटालिंकने जहाजावर पाठवून तिथेच निर्णय होतात. डेटालिंक गेला की रडार चालू असूनही उपयोग जवळजवळ संपतो.

संख्येचं गणितही करून ठेवा. अडीच तासांच्या उड्डाणात जागेवर मिळतात धरा दोन तास. चोवीस तास एक हेलिकॉप्टर वर हवं तर रोज बारा उड्डाणं. नौकेवर चार असतील आणि एक दुरुस्तीला असेल, तर उरलेल्या तिघांना रोज चार-चार उड्डाणं. हे दोन-तीन दिवस जमेल, आठवडाभर नाही. चौदांतली काही कायम ओव्हरहॉलमध्ये असणार हे धरलं, तर दोन विमानवाहू नौकांना हा ताफा अपुराच आहे. २०१९ मध्ये आणखी १० घ्यायला संरक्षण खरेदी परिषदेने मान्यता दिली, पण युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर ते प्रकरण अडलं. रशियन गियरबॉक्सचा ओव्हरहॉलही त्याच वाटेने अडू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे. निवृत्तीची तारीख कॅलेंडरवर लिहू नये, अटींवर लिहावी: नव्या यंत्रणेने समुद्रावर सलग ठरावीक उड्डाणं केली, तिचे निरीक्षक तयार झाले आणि एका नौकेला पुरतील इतके संच हातात आले, की मगच जुनं शेवटचं हेलिकॉप्टर खाली उतरवावं. तोवर जुन्या आणि नव्या दोन्ही ताफ्यांची देखभाल एकाच वेळी करायचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा. दोन हजार अठराला तो धरला नव्हता असं माझं वाचन आहे.

लॉगकार्ड
@समाक्ष, अटींत एक वाढवा: निरीक्षकांचे सिम्युलेटर तास. एक स्क्वाड्रन विखुरलं की समुद्रातल्या खोट्या प्रतिध्वनींतून खरं लक्ष्य निवडणारी नजर पुन्हा घडवायला हेलिकॉप्टर विकत घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जुनं यंत्र काढतानाच त्याचा सिम्युलेटर मोडू नका, नवा सुरू होईपर्यंत तो चालू ठेवा.