फाईल हाताळणी शिकवताना आधी सिस्टिम कॉल की आधी पायथन?

धागाकर्ता, लातूर
आपल्याकडच्या बीसीए, बीसीएसच्या पोरांना फाईलचा धडा पायथनच्या दोन ओळींत शिकवून मोकळं केलं जातं. हे मला अजिबात पटत नाही. आधी सी भाषेत ओपन, रीड, राइट, क्लोज हे सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या थेट मागण्या, हाताखालून जायला हवेत, लायब्ररी नंतर. फाईल प्रोग्रॅमच्या ताब्यात नसते, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या असते. ओपन केल्यावर आपल्याला मिळतो तो फक्त एक लहान आकडा, म्हणजे फाईल डिस्क्रिप्टर. ०, १ आणि २ हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले असतात, म्हणून आपली पहिली फाईल बहुधा ३ वर उघडते. परवानग्यांचंही तसंच. मागितल्या ०६६६ (सगळ्यांना वाचायला-लिहायला) आणि मिळाल्या ०६४४ (लिहायला फक्त मालकाला), कारण मध्ये ०२२ चा उमास्क, म्हणजे नव्या फाईलच्या परवानग्या कापणारी सेटिंग बसलेली. हे ज्याला ठाऊक नाही तो सर्व्हरवर सरळ ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, मारून मोकळा होतो. अशी पोरं कामाला लागायलीत, याची मला खरंच काळजी वाटते.

प्रॅक्टिकल घेणारी शिक्षिका, नांदेड
सर, मुद्दा पटतो, क्रम पटत नाही. किनवट, देगलूरकडून येणाऱ्या कित्येक मुली पहिल्या वर्षाला पहिल्यांदा स्वतः कॉम्प्युटरवर बसतात. त्यांच्यापुढे पॉइंटर, बफर आणि एररनो असले सीचे अवघड शब्द एकदम ठेवले तर त्या गप्प होतात, आणि गप्प झालेली मुलगी शंका विचारत नाही. लॅबमध्ये विंडोज असतं, म्हणजे लिनक्स उभं करण्यातच तास जातो. त्यापेक्षा गावच्या पावसाच्या नोंदींची फाईल पायथनमध्ये वाचून सरासरी काढू द्या. आणि पायथनच्या ओएस मॉड्यूलमध्ये ओपन, रीड, राइट आहेतच की, तिथेही डिस्क्रिप्टरच मिळतो! तुमचा धडा तिथूनही शिकवता येतो.

मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणारा, परभणी
मी लातूरच्या सरांच्या बाजूचा. सोयाबीनच्या हंगामात मोंढा भरलेला असतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. पायथनमध्ये 'डब्ल्यू', म्हणजे लिहिण्याच्या मोडने फाईल उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी शून्यावर येतो, नवा लिहायच्या आधीच. तेवढ्यात मशीन बंद पडलं की पट्टीचा हिशेब गेला. बरं, राइट यशस्वी झाला म्हणजे डेटा डिस्कवर पोचला असंही नाही. तो कर्नलच्या मेमरीत पडून असतो, एफसिंक, म्हणजे 'आत्ताच डिस्कवर उतरव' हा कॉल केल्यावर खात्रीने खाली उतरतो. म्हणून मी त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाईल लिहितो, एफसिंक करतो आणि मग रिनेम. वाचणाऱ्याला जुनी तरी दिसते किंवा नवी तरी, अर्धवट कधीच नाही. तात्पुरती फाईल दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर रिनेम चालतच नाही, 'वेगळी फाईल सिस्टिम' सांगणारी एक्सडेव्ह एरर येते. हे नवीन पोरांना कोणी सांगतच नाही.

नोकरदार, छत्रपती संभाजीनगर
दादा, तुमचं उदाहरण सिस्टिम कॉलच्या बाजूचं नाही, एसक्यूलाइटच्या, म्हणजे एकाच फाईलमध्ये राहणाऱ्या छोट्या डेटाबेसच्या बाजूचं आहे. पैशाचा हिशेब हाताने फाईलमध्ये लिहायचाच कशाला? जर्नल (बदलांची नोंद), एफसिंक, लॉक हे सगळं तिथे वर्षानुवर्षं घासून झालंय. प्रत्येक पोराने हे स्वतः लिहायचं ठरवलं तर प्रत्येकाकडे नवी चूक सापडेल. शिवाय तुमचा रिनेम विंडोजवर त्या नावाची फाईल आधीच असेल तर पायथनमध्ये एरर देतो. तिथे रिप्लेस वापरावा लागतो.

धागाकर्ता, लातूर
हिशेबाला एसक्यूलाइटच, वाद नाही. पण पावत्यांच्या पीडीएफ, फोटो, लॉग हे फाईलमध्येच राहणार ना? पोरं आधी 'फाईल आहे का' तपासतात आणि मग तयार करतात. त्या दोन पावलांच्या मधे दुसरी प्रोसेस, म्हणजे दुसरा चालू प्रोग्रॅम, तीच फाईल बनवून मोकळी होते. ओपनला ओ_क्रिएट ('नसेल तर बनव') आणि ओ_एक्स्क्ल ('आधीच असेल तर एरर दे') एकत्र दिले की तपासणं आणि बनवणं एकाच कॉलमध्ये होतं. एमकेडिरलाही, म्हणजे डिरेक्टरी बनवतानाही, आधी तपासू नका. बनवा, आणि 'आधीच आहे' अशी एरर आली तर ती हाताळा. अनलिंक, म्हणजे फाईल डिलीट करणारा कॉल, हाही नीट शिकवा. तो फक्त नाव काढतो, प्रोसेसने फाईल उघडी धरली असेल तर जागा सुटत नाही. मोठा लॉग डिलीट करूनही डिस्क भरलेलीच का, हे वरवर शिकलेल्याला उमगणार नाही.

शिक्षिका, नांदेड
ओ_एक्स्क्लचं काम पायथनचा 'एक्स' मोड करतो, एका अक्षरात. म्हणूनच म्हणते, आधी पायथन, आणि महिन्याभराने त्याच प्रोग्रॅमवर एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं लिनक्सचं साधन. ओपनॅट, म्हणजे ओपनचंच एक रूप असलेला कॉल, मुलींना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

धागाकर्ता, लातूर
मॅडम, पायथन सुरू होतानाच आपली मॉड्यूलं शोधत इतके कॉल करतो की मुलीची एक फाईल त्यात हरवते. सीच्या छोट्या प्रोग्रॅमचा ट्रेस एका स्क्रीनच्या आसपास संपतो.

शिक्षिका, नांदेड
गाळून दाखवते, सर. फक्त ओपनॅट, आणि त्यातही पावसाच्या फाईलचं नाव असलेली ओळ. क्रमावर मी ठाम आहे.

नोकरदार, छत्रपती संभाजीनगर
परभणीच्या दादांना एकच प्रश्न. रिनेमनंतर डिरेक्टरीचं एफसिंक करता का?

सॉफ्टवेअर करणारा, परभणी
करतो. लिनक्सवर डिरेक्टरी फक्त वाचण्यासाठी उघडायची आणि तिच्या डिस्क्रिप्टरवर एफसिंक. नाहीतर लाइट गेल्यावर जुनंच नाव जुन्याच मजकुराकडे बोट दाखवत परत येऊ शकतं.