कोमा दीर्घिका-समूहातली एनजीसी ४८८९ अर्ध्या प्रतीने मंद येतेय, चूक कुठे?

राजवाडा_आकाश (इंदूर)
स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या आर (लाल) फिल्टरच्या फ्रेम्सवर (डीआर८ म्हणजे आठव्या डेटा-प्रकाशनानंतरच्या) सोर्स एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे चित्रातल्या वस्तू शोधून त्यांचं तेज मोजणारा प्रोग्रॅम, चालवतोय. झीरो पॉइंट (मोजलेल्या प्रकाशावरून प्रत काढायचा स्थिरांक) २२.५ दिलाय, बाकी सेटिंग मूळचंच. लहान दीर्घिकांच्या प्रती (तेजाचे आकडे; आकडा मोठा तितकी वस्तू मंद) कॅटलॉगशी जुळतात, पण एनजीसी ४८८९ अर्ध्या प्रतीने मंद येते. तिच्या प्रभेत (बाहेरच्या अंधूक प्रकाशात) दिसणाऱ्या दोन-तीन छोट्या दीर्घिका तर यादीतच नाहीत. आणि हेच काम इंदुरातून ८ इंची न्यूटोनियन दुर्बिणीने जमेल का?

खस्वस्तिक
झीरो पॉइंट बरोबर आहे, त्या फ्रेम्स नॅनोमॅगी या स्लोनच्या प्रकाश-एककातच असतात. घोळ बॅक-साइझचा, म्हणजे आकाशाची पार्श्वभूमी ज्या चौकोनांत मोजतात त्यांच्या मापाचा आहे. मूळ मूल्य ६४ पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला ०.३९६ आर्कसेकंदाच्या हिशोबाने २५ आर्कसेकंद. दीर्घिका पसरलीय जवळपास ३ आर्कमिनिटं. पार्श्वभूमीचा चौकोन अख्खा तिच्या पोटात बसतो, आणि प्रोग्रॅम तिचाच प्रकाश आकाश समजून वजा करतो. या फ्रेम्समधून आकाश आधीच काढलेलं असतं, तेव्हा बॅक-टाइप मॅन्युअल करा, मूल्य ०. मग रिकाम्या जागी २०-२५ चौकोन टाकून मध्यक खरंच शून्याजवळ येतो का ते तपासाच.

एवढं करूनही ती ०.१ प्रतीने मंदच भरेल. मॅग-ऑटो या प्रोग्रॅमच्या मोजणीतलं क्रॉन छिद्र (ज्याच्या आतलाच प्रकाश मोजला जातो ते लंबवर्तुळ) अशा लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा साधारण १०% प्रकाश बाहेर ठेवतं. ती चूक नव्हे, पद्धतीची मर्यादा आहे. एकूण तेज हवं असेल तर सर्सिक प्रोफाइल (केंद्रापासून बाहेर तेज कसं घटतं त्याचं सूत्र) बसवा.

विकला_मोजणारा
हरवलेल्या दीर्घिकांचं कारण वेगळं. डीब्लेंड-मिनकाँट, म्हणजे चिकटलेल्या वस्तू वेगळ्या करायची किमान मर्यादा, ०.००५ असताना मोठीच्या ०.५% पेक्षा कमी प्रकाशाची शेजारीण, म्हणजे पावणेसहा प्रतींनी मंद, तिच्यातच विरघळते. आकडा फार खाली नेलात तर प्रभेतल्या नॉइजचेही तुकडे पडतात. त्यापेक्षा दोन फेऱ्या करा: छोट्यांवर मास्क टाकून (ते पिक्सेल मोजणीतून वगळून) मोठीवर समतेज लंबवर्तुळं (सारख्या तेजाच्या रेषा) बसवा, ते मॉडेल वजा करा, उरलेल्या चित्रावर पुन्हा शोध घ्या. याच समूहातली दुसरी मोठी दीर्घिका एनजीसी ४८७४ करताना शेजारच्या ७ व्या प्रतीच्या एचडी ११२८८७ या ताऱ्यावर मोठा मास्क विसरू नका, त्याची चकाकी दूरवर जाते.

खस्वस्तिक
दुर्बिणीचं: जागा उत्तम. समूहाची क्रांती (आकाशातला अक्षांश) +२८°, इंदूरचा अक्षांश २२.७°, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला मध्यरात्री समूह जवळजवळ डोक्यावर. अडचण आकाशाची. आकाश चौरस आर्कसेकंदाला १८ प्रत धरलं, तर ते मोजण्यातली १% चूक म्हणजे (५ प्रतींनी मंद) २३ प्रत, त्याखालची प्रभा हातची गेली. काळ्या आकाशात, समजा २१ ला, तीच मर्यादा २६. फ्लॅटमधली (कॅमेऱ्याचा असमानपणा काढायला समान उजेडात घेतलेल्या फ्रेममधली) १% चूकही तेवढीच महागात पडते, तेव्हा संधिप्रकाशातले फ्लॅट घ्या, कॅमेरा आणि फोकस न हलवता. दर एक्स्पोजरला दुर्बीण थोडी सरकवा. झीरो पॉइंटसाठी स्लोनचे १५ ते १७ प्रतीचे तारे घ्या. १४ पेक्षा लहान आकड्याचे, म्हणजे जास्त उजळ तारे त्यांच्याकडे सॅच्युरेट झालेले (मोजमापाच्या मर्यादेपलीकडे गेलेले) असतात. गाभ्याभोवती ३० आर्कसेकंदांपर्यंतचं तेज इंदूरजवळून नीट मोजता येईल, बाहेरची प्रभा मात्र स्लोनच्या फ्रेम्सवरच मोजा.

राजवाडा_आकाश (इंदूर)
बॅक-टाइप बदलल्यावर फरक ०.१२ वर आला. आता मॉडेल वजा करायला घेतो.