परदेशी शिष्यवृत्तीचा निबंध कसा लिहावा? – अनुभव धागा

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण ऑगस्टात उघडतात. राष्ट्रकुल देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीची ब्रिटनची कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आणि जर्मनीची डाड (DAAD) शिष्यवृत्ती यांची वेळापत्रकं त्याच्या आगेमागे चालू होतात. गुणपत्रिका, दाखले, अनुभवपत्रं गोळा करणं कष्टाचं असलं तरी जमतं. गाडी अडते ती निबंधापाशी. ज्यांनी असे अर्ज वाचले, तपासले किंवा विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले आहेत, त्यांनी इथे सविस्तर लिहावं. "मनापासून लिहा" हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. किती शब्दांत काय बसतं, अर्ज नेमका कशामुळे मागे पडतो, ते हवं आहे.

टाकबोरू

चेव्हनिंगपुरतं लिहिते. प्रश्न चार: नेतृत्व आणि प्रभाव, माणसं जोडणं, ब्रिटनमधलाच अभ्यासक्रम का, आणि पुढची कारकीर्द. प्रत्येक उत्तराला मर्यादा ३०० शब्दांची धरून चालावं. इंग्रजीत ३०० शब्द म्हणजे जेमतेम पंधरा-अठरा वाक्यं. त्यात नेतृत्वाचे चार प्रसंग कोंबले की एकही नीट उभा राहत नाही. एकच घ्यावा, फार तर दोन.

वाटणी अशी करून बघा: परिस्थिती ४०-५० शब्दांत, तुम्ही काय केलंत ते १५०, त्यातून काय बदललं ते ६०, आणि उरलेले शब्द पुढच्या कामाशी सांधा जुळवायला. कच्च्या मसुद्यात बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं. गाव, संस्था, दुष्काळ यांच्या वर्णनात १८० शब्द जातात आणि उमेदवार शेवटच्या परिच्छेदात प्रवेश करतो.

एक उदाहरण. समजा उमेदवार बीड जिल्ह्यात पाणलोटाच्या कामावर आहे. पहिल्या मसुद्यात वाक्य येतं: "दुष्काळी भागात गावकऱ्यांना एकत्र आणून मी जलसंधारणाबद्दल जनजागृती केली व नेतृत्वगुण सिद्ध केले." हे वाक्य राज्यातल्या कुठल्याही गावाला आणि कुठल्याही कार्यकर्त्याला लागू पडतं. तेच असं लिहिलं तर: "बोअर असलेले आठ बागायतदार ग्रामसभेला येत नव्हते. मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्या बोअरची पाणीपातळी मोजून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात आठांपैकी पाच जण बैठकीला आले आणि उसाला ठिबक करायला तयार झाले. तिघे अजूनही बाहेर आहेत." विरोध कोणाचा होता, उपाय काय केला, फळ काय मिळालं आणि काय राहून गेलं, सगळं आलं. नेतृत्व हा शब्दही वापरावा लागला नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवा. शंभर टक्के यश सांगणाऱ्या मजकुरावर विश्वास बसायला वेळ लागतो.

वाचनमात्र

वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो. समोर अर्जांची थप्पी असते आणि हातात निकषांचा तक्ता. प्रत्येक उत्तराला त्या त्या निकषावर गुण द्यायचे असतात. त्यामुळे चौथ्या उत्तरात सुंदर लिहिलेलं नेतृत्व पहिल्या उत्तराच्या गुणांत धरलं जाईल, या भरवशावर राहू नये. प्रश्न जसा विचारला तसं, त्याच प्रश्नाचं उत्तर त्याच चौकटीत.

मागे पडणाऱ्या अर्जांत त्याच त्या गोष्टी दिसतात. पहिल्या ओळीत थोर माणसाचं वचन: त्याला गुण नाहीत आणि वीस-पंचवीस शब्द गेले. "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड" हेही तसंच. विशेषणं: "अत्यंत महत्त्वपूर्ण उपक्रम यशस्वीरीत्या राबवला", याच्यात मोजण्यासारखं काय आहे? उपक्रम किती शाळांत, किती महिने, आधी काय होतं, नंतर काय झालं, एवढं आलं की विशेषणं आपोआप गळतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फार आढळते. आपण वाढतोच अशा रीतीने की स्वतःचं नाव पुढे करणं बरं दिसत नाही. म्हणून सगळा निबंध "संस्थेने केलं, आमच्या टीमने केलं" असा लिहिला जातो. हा संकोच समजण्यासारखा आहे, पण शिष्यवृत्ती टीमला मिळणार नाही. टीमचं श्रेय एका वाक्यात द्या आणि मग आपला वाटा वेगळा काढा: सर्वेक्षणाची प्रश्नावली मी बनवली, तहसीलदारांशी बोलणी मी केली, आकडेमोड सहकाऱ्याने केली. यात बढाई नाही, हिशेब आहे.

गरिबीबद्दलही लिहितो, कारण यावर मुलं फार अडखळतात. आई ऊसतोडीला जायची, वसतिगृहात राहून शिकलो, हे खरं असेल तर जरूर लिहावं, लाज कसली? पण दोन-तीन ओळींत, वस्तुस्थिती म्हणून. त्यापुढे लगेच हे यावं की त्या परिस्थितीमुळे तुम्हाला कामातला कोणता प्रश्न इतरांपेक्षा जवळून दिसला. सहानुभूतीला गुण देणारा रकाना तक्त्यात नसतो. स्थलांतरित मुलांच्या शाळेचा प्रश्न आतून माहीत असणं, याला मात्र वजन आहे.

भीमाकाठ

"हाच अभ्यासक्रम का" या उत्तरासाठी एक चाचणी पक्की लक्षात ठेवा. विद्यापीठाचं नाव खोडून दुसरं घाला. वाक्य तसंच खरं राहिलं तर ते काढून टाका. "जागतिक दर्जाचे प्राध्यापक, बहुसांस्कृतिक वातावरण, समृद्ध ग्रंथालय" हे सगळं या चाचणीत पडतं.

त्याजागी काय लिहायचं? विद्यापीठाच्या पानावर त्या पदवीचे विषय दिलेले असतात, अनिवार्य वेगळे आणि ऐच्छिक वेगळे. त्यातले दोन निवडा. प्रत्येकासमोर आपल्या कामातली एक उणीव लिहा, जी या विषयाने भरून निघेल. प्रबंध कशावर करता येतो, क्षेत्रभेटी आहेत का, हेही बघा. एवढ्या वाचनाला प्रत्येक अभ्यासक्रमामागे दोन-तीन तास लागतात. ते द्या.

चेव्हनिंगमध्ये तीन अभ्यासक्रम निवडायचे असतात. इथे मोठी चूक होते. क्रॅनफिल्डला सांडपाणी अभियांत्रिकी, ससेक्सला विकास अभ्यास आणि तिसरीकडे एमबीए, अशी निवड असेल तर उमेदवाराला काय करायचं आहे हे त्याचं त्यालाच ठरलेलं नाही, असं दिसतं. तिन्ही एकाच दिशेचे हवेत. विद्यापीठ वेगळं चालेल, दिशा नको.

अर्धविराम

कारकिर्दीच्या उत्तराबद्दल. पैसे देणाऱ्याला परतफेड हवी असते, आणि ती त्याच्या देशापेक्षा तुमच्या देशात हवी असते. ही अट आजची नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार त्यासोबत होता. चेव्हनिंगची अट आज दोन वर्षं मायदेशी परतण्याची आहे. म्हणून "जमल्यास तिथेच अनुभव घेऊन मग परत येईन" अशा अर्थाचं वाक्य अर्ज तिथल्या तिथे कमकुवत करतं.

"भारतात परतून देशसेवा करीन" हेसुद्धा पुरत नाही. टप्पे पाडा. परतल्यावर पहिली दोन वर्षं: कुठल्या प्रकारच्या पदावर, कुठल्या कार्यालयात किंवा संस्थेत. पाच वर्षांनी: कामाचा आवाका किती, तालुका की जिल्हा की राज्य. दहा वर्षांनी: धोरणात कोणता बदल घडवायचा आहे. वर टाकबोरू यांनी दिलेला उमेदवारच घ्या. त्याने लिहावं की परतून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेबरोबर गावपातळीवरच्या पाणीमोजणीवर काम करायचं आहे, त्यासाठी भूजलाच्या नियमनाचा विषय शिकायचा आहे, आणि पुढे जिल्ह्याचं पीकनियोजन त्या मोजणीला जोडायचं आहे. नेतृत्वाच्या उत्तरातला फळा, अभ्यासक्रमातला विषय आणि पुढचं पद, हे तिन्ही एका ओळीत आले की अर्ज बांधीव वाटतो.

मंत्री, सचिव, संयुक्त राष्ट्रांत संचालक अशी पदं थेट पाच वर्षांवर ठेवू नका. मुलाखतीला बोलावलं तर प्रश्न निबंधातल्या वाक्यांवरूनच निघतात.

रातराणी

कॉमनवेल्थची भूमिका वेगळी आहे, म्हणून चेव्हनिंगचा निबंध तिथे चिकटवू नये. १९५९ पासून चालत आलेल्या या योजनेत शैक्षणिक गुणवत्ता, अभ्यासाची आखणी आणि मायदेशाच्या विकासावर होणारा परिणाम यांवर निवड होते. विकासाचे सहा विषय दिलेले असतात (आरोग्यव्यवस्था, विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञान, संकटांचा सामना वगैरे). त्यातला एक धरून लिहायचं. नेतृत्वाचा प्रसंग इथे दुय्यम. मुख्य गोष्ट ही की शिकलेलं ज्ञान कोणापर्यंत, कोणत्या मार्गाने पोचणार आणि पोचलं हे कशावरून कळणार.

इथे मुलं "जनजागृती होईल" यावर थांबतात. मोजता येईल असं काहीतरी द्या. परिचारिका असाल तर: परतल्यावर जिल्हा रुग्णालयातल्या किती सहकाऱ्यांना कशाचं प्रशिक्षण देणार, आणि फरक पडला हे कोणत्या नोंदवहीतून दिसेल. प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीचं नाव घेणारा अर्ज कागदी वाटत नाही, कारण त्या कक्षात काम केलेल्या माणसालाच ती वही माहीत असते.

खडूफळा

डाडच्या विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रेरणापत्र लागतं. जास्तीत जास्त दोन पानं, सध्याच्या कामाचा संदर्भ देऊन, खाली हाताने केलेली सही. किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, त्यामुळे विद्यार्थीदशेतल्या स्पर्धा-पारितोषिकांवर पान खर्च करू नका. पहिला अर्धा भाग कामातल्या तांत्रिक अडचणीवर ठेवा. सूर ब्रिटिश अर्जांपेक्षा कोरडा चालतो.

पाटपाणी

शिफारसपत्राबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो; ते निबंधाचंच दुसरं अंग आहे. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग पत्राची आणि निबंधाची भाषा एकच होते, आणि ते लगेच लक्षात येतं. त्याऐवजी सरांना एक पानाचं टिपण द्या: कोणती शिष्यवृत्ती, काय निकष, त्यांच्या हाताखाली केलेली दोन कामं, त्यांनी कशावर लिहिलं तर मदत होईल. निदान चार आठवडे आधी. निबंधातला प्रसंग पत्रात दुसऱ्या बाजूने आला तर फार बळ मिळतं, पण आकडे जुळले पाहिजेत. निबंधात चाळीस गावं आणि पत्रात पंचवीस, असं झालं की दोन्हींवरचा विश्वास जातो. हीच काळजी अनुभवाच्या रकान्यांची. चेव्हनिंग २८०० तासांचा अनुभव मागतं. निबंधात ज्या कामाचा उल्लेख आहे ते तिथे तारखांसह दिसायला हवं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. एक शंका विचारली गेली आहे: राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीलाही असाच निबंध लागतो का? आणि मसुदा मराठीत करावा की थेट इंग्रजीत?

टाकबोरू

राज्याच्या योजनेत सगळा भर विद्यापीठाचं प्रवेशपत्र, त्याची जागतिक क्रमवारी, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला यांवर असतो. तिथे वेळ कागदपत्रांना द्या. निबंधाची ताकद विद्यापीठात प्रवेश मिळवताना लागेल.

मसुद्याबद्दल: प्रसंग आठवायचा तो मराठीत, कच्च्या टिपणात. कोण काय म्हणालं, कधी, आकडा काय. मग ते पान बाजूला ठेवून इंग्रजीत नव्याने लिहा, छोट्या वाक्यांत. ओळीला ओळ लावून उतरवलं की वाक्यं लांबतात आणि क्रियापद हरवतं. यंत्राकडून लिहून घेतलं किंवा कुणाचा जुना निबंध उचलला तर अर्ज बाद होण्याची भीती आहेच, शिवाय मुलाखतीत स्वतःचंच वाक्य परकं वाटतं. इंग्रजी शिक्षकाला व्याकरणासाठी दाखवा आणि तुमच्या क्षेत्राबाहेरच्या एखाद्याला अर्थासाठी. त्या दुसऱ्या माणसाने वाचून झाल्यावर कागद न बघता तुमचं काम सांगावं. जे त्याला सांगता आलं नाही तिथे मजकूर सैल आहे.

वाचनमात्र

मजकूर वेगळ्या फाइलमध्ये तयार करा आणि अर्जाच्या चौकटीत साधा करून चिकटवा, ठळक अक्षरं आणि बुलेट तिथे टिकत नाहीत. जोडशब्दांमुळे चौकटीची शब्दमोजणी तुमच्या फाइलपेक्षा वेगळी येऊ शकते, म्हणून २९० वर थांबा. अंतिम वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) दिली असेल तर भारतीय वेळ साडेपाच तास पुढे: दुपारी १२ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावतं, तेव्हा दोन दिवस आधीच पाठवून पोच जपून ठेवा.